पहिल्या नंबरचा नारळ

ट्रक भरून तयार होता. पेट्या, पत्रे, पातेली, दोन शेळ्या, आणि वर दाटीवाटीनं बसलेली पोरं. टोळी ऊसतोडीला निघाली होती. परत यायची ती पाडव्याच्या सुमारास.

सूर्यभान मुकादमांनी नारळ अंगणवाडीच्या सुरेखाताईंच्या हातात दिला. "ताई, तुमच्या अंगणवाडीचा तालुक्यात पहिला नंबर आला. औंदा नारळ तुमीच फोडायचा."

पहिला नंबर! तपासणी झाली ती ऐन पावसाळ्यात, गाव भरलेलं असताना. आता ट्रक हलला की उरणार चार डोकी, आणि पट कमी म्हणून अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडणार, असं तालुक्याच्या साहेबांनी कालच सुनावलं होतं. तो नंबर काय चाटायचाय?

ताई चाकापुढे गेल्या. नारळ उचलला आणि तसाच पदराखाली घेतला.

"आधी पोरं उतरवा. मग फोडते."

टोळी हसली. ताई हसल्या नाहीत. मुकादमांचा ट्रक नारळाशिवाय वेस ओलांडत नसे, आणि दिलेला नारळ परत मागणं म्हणजे त्याहून मोठा अपशकुन. मुकादम नुसतेच टोपी काढून डोकं खाजवत राहिले.

"मला का हौस हाय व्हय न्यायची?" राजेश्वरी वरून ओरडली. तिच्या मांडीवरची लेक ईश्वरी अंगणवाडीत आत्ता कुठे रंग ओळखायला लागली होती. "पन ठिवू कुनाजवळ?"

शेजारी तिची सासू लंकाबाई बसली होती. दरसाल टोळीबरोबर जायचं, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, भाकरी थापायच्या आणि पोरं राखायची, हे तिचं काम. ती ताईंकडे बघत राहिली. मग उठली.

"माजं गठुडं खाली घ्या. तितं राखायची ती हितं राखीन. ज्याला ठिवायची त्यानं ठिवा माज्याजवळ. भाकरी तुमच्या तुमी थापा."

राजेश्वरीनं ईश्वरीचा मुका घेतला आणि तिला खाली दिली. मग एकामागून एक पोरं उतरली. तान्ही तेवढी आयांपाशी राहिली.

ताईंनी नारळ फोडला. डोळे पुसायला हात मोकळे झाले. ट्रक वेशीबाहेर पडला. पोरं रस्त्याकडे बघत उभी राहिली, आणि ईश्वरीचे ओठ थरथरू लागले.

"शाळा कितीला भरती, ताई?" लंकाबाईनं विचारलं.

"दहाला."

"आत्ताच भरवा. रडायला लागायच्या आत."