अकरा माग

फाटकावर टांगलेल्या फडक्याकडे कुत्र्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ती तशीच पुढे पळाली आणि तासाभरापूर्वी रोवेना जिथून चारचाकी क्वाड बाइकवर बसून निघून गेली होती, त्या जागी येऊन थांबली. मग चाळीस नाकं एकदम वर झाली. तिच्या दिशेनं.

समोरच्या उतारावर रोवेनानं दुर्बीण खाली केली आणि वहीत लिहिलं : माग अकरावा. वळणं सात, सातही बरोबर. फडकं दुर्लक्षित.

याचं कारण तिला ठाऊक होतं. चार मैल एकच वास घेत आलेलं नाक शेवटी त्या वासाला बधिर होतं. जीवशास्त्राची पदवी अगदीच वाया गेली नव्हती.

कोल्ह्यांच्या शिकारीवर बंदी येऊन वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून नॉर्थम्बरलंडच्या या माळावर कुत्री खोट्या मागावर धावत. तो माग आखणं हे रोवेनाचं काम. हिरव्या डब्यातलं कोल्ह्याचं मूत फडक्यावर ओतायचं, ते दोरीनं गवतातून ओढत चार मैल चालायचं, शेवटी ते फाटकावर टांगायचं आणि उभ्या करून ठेवलेल्या क्वाडवर बसून लांब निघून जायचं. तासाभरानं कुत्री सुटत.

डबा शिकारप्रमुख एमॉस थ्रिप स्वतः भरून देई. दोन वर्षांपूर्वीच्या तापात रोवेनाची वास घ्यायची शक्ती गेली होती, ती परत आलीच नव्हती.

"देवानंच धाडली तुला, पोरी," एमॉस म्हणे. "या घाणीपायी आधीचे दोन गडी पळून गेले."

उतारावरच्या दगडी बांधापाशी ग्रेटा उभी होती. गावच्या शाळेतली मास्तरीण, रोवेनाची लहानपणापासूनची मैत्रीण. ही खोट्या मागावरची शिकारही बंद व्हावी म्हणून दर शनिवारी कॅमेरा घेऊन कुत्र्यांच्या मागे हिंडायची.

"काय गं फडकेवाली, दमलीस का कोल्ह्यांना वाचवून?"

"दमली असशील तू. अकरा शनिवार कुडकुडून काय मिळालं? मेंढ्या?"

"गेल्या हिवाळ्यात काय मिळालं होतं ते विसरलीस? कोल्ह्याची शेपटी आणि एक पाय. बाकी काही ठेवलं नव्हतं त्यांनी." ग्रेटा हसत नव्हती. "रो, बुधवारी सभेत खोटं बोललीस तर आपलं संपलं, सांगून ठेवते."

"जे पाहिलं तेच सांगेन. ना तुझ्यासाठी कमी, ना एमॉससाठी जास्त."

बुधवारी माळाच्या मालक संस्थेचे विश्वस्त गावच्या सभागृहात बसणार होते. त्यांनी बंदी घातली की इथली शिकार संपली. पुढचंही सगळ्यांना माहीत होतं. अशी कुत्री घरी कुणी पाळत नाही, त्यांना गोळी घालतात. एमॉस त्यांना जोड्यांनी मोजायचा, जुन्या चालीप्रमाणे.

"वीस जोड्या, पोरी," तो एवढंच म्हणाला होता. "तुझ्या जिभेवर."

बुधवारी दुपारी धुकं इतकं दाट होतं, की माळावरून चालत येताना रोवेनाला स्वतःचे बूट जेमतेम दिसत होते. तिनं विश्वस्तांपुढे नकाशा पसरला. लाल रेषा ती चालली ती. निळी रेषा कुत्र्याच्या पट्ट्यातल्या यंत्रानं टिपलेली. अकराही ठिकाणी लाल रेषेवर निळी बसली होती. कोल्ह्यामागे धावणारी कुत्री अशी धावत नाहीत, हे तिथल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको होतं.

ग्रेटा उठली. "चौथ्या मागाला हे शेपूट कसलं? रेषा मागे जाऊन परत येतेय."

"हातमोजा पडला होता. शंभर पावलं मागे जाऊन उचलला."

"फडकं ओढत?"

"नाही. फडकं दगडाखाली ठेवून गेले होते."

"मग कुत्री कशाला गेली मोजा शोधायला?"

"बुटांवर थेंब उडाले असतील."

"नाहीतर मोजा आवडला असेल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसलं.

पाच विरुद्ध दोन मतांनी बंदी फेटाळली गेली. ग्रेटा तिच्याकडे न बघता निघून गेली.

बाहेर एमॉसनं तिचे दोन्ही हात धरून हलवले. "शाब्बास! मला हे जन्मात जमलं नसतं. चल, निघतो. बायको एकटीच कुत्री फिरवायला माळावर गेलीय, शिव्या घालत असेल मला."

"तुम्हाला का नसतं जमलं?"

"कारण तुझा विश्वास होता ना." त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता निभावलं म्हणून सांगतो. डब्यात पावसाचं पाणी असायचं. पन्हाळीखालच्या पिंपातलं. अगं, खरा वास लावला तर कुत्री त्याच्याच मागे जाणार, मग झुडपातला कोल्हा कोण उठवणार? तुला वास येत नाही म्हणून तर तुला घेतलं." त्यानं डोळा मारला. "यंदा एकही उठला नाही, हे आमचं नशीब."

"पाणी?"

"नुसतं पाणी."

रोवेनानं हातातली नकाशाची गुंडाळी घट्ट धरली. "पण रेषा जुळतात, एमॉस. अकराही वेळा. मी ओढ्यातून गेले तिथं ती ओढ्यातून गेली. मोज्यासाठी मागे फिरले तिथं..."

एमॉसच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याची नजर तिच्या पायांकडे गेली.

"आज क्वाडवर आलीस ना?"

"नाही. चालत."

"कुठून?"

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. ती आली होती त्या बाजूला, माळावरच्या धुक्यात, चाळीस कुत्र्यांनी एकदम आवाज दिला, आणि तो जवळ येऊ लागला.