करंगळीचा वाटा

जागावाटपात पदार्थविज्ञानाला अख्खा मजला मिळाला आणि माझ्या शेवाळाच्या संशोधनाला जिन्याखालची खोली, तीही कमरेत वाकून शिरायची. "पाचही बोटं सारखी नसतात, बाई," पदार्थविज्ञानाचे प्रमुख तेव्हा म्हणाले होते. परवा तेच वाकून आत आले. "बाई, कपाटाहून उंच असा नवा सूक्ष्मदर्शक बसवलाय. पाहुणे येऊन बसलेत, पण त्याखाली दाखवण्यासारखं आमच्याकडे काहीच नाही हो!" मी चिमट्याने नखाएवढं शेवाळ दिलं. पडद्यावर हिरवंगार जंगल उभं राहिलं, टाळ्यांनी मजला दणाणला. "मागा, काय हवं ते!" प्रमुख खुशीत म्हणाले. "या करंगळीला तुमच्या यंत्राचा रिकामा लाकडी खोका द्या." "एवढंच?" एवढंच कसलं! दीड पुरुष उंच खोका! सुताराने दार लावलं, खिडकी कापली. मी शेवाळ घेऊन सवयीने वाकून आत शिरले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या जागी ताठ उभी राहिले.