दोन रबरांचे डबे

फळीवर बाजारातल्या हवाबंद अन्नाचा एकही डबा नव्हता. सगळे दाराशी एका गोणीत पडले होते आणि धाकटा भाऊ हात झटकत उभा होता. कामावरून दमून आलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भंगारवाल्याला देऊन टाक," तो म्हणाला. "बाबांना डब्यातलं खायला घालतेस? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

चार महिन्यांनी आला होता, दोन दिवसांसाठी. एरवी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा, आता घरात येऊन हाकत होता.

डब्यांच्या जागी त्यानं बरण्या मांडल्या होत्या. बायकोनं घरी केलेलं, ताज्या भाज्यांचं सूप. ताईनं एक उघडायला घेतली. दोनदा जोर लावावा लागला, तेव्हा कुठे झाकण हललं. तिनं चमचा बुडवून चाखलं.

"मीठ किती घातलंय?"

"चवीपुरतं."

"कुणाच्या?"

मागच्या महिन्यात बाबांच्या फुप्फुसात पाणी साचलं, तेव्हा ती तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून होती. याला फोनवर सगळं सांगितलं होतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय हेही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

तिनं गोणीतून तीन डबे काढून ओट्यावर आपटले.

"हे वाटाणे. आत मीठ नाही, म्हणून डब्याला रबर बांधलेलं नाही. हा राजमा, याच्यात मीठ आहे, म्हणून एक रबर. पाणी ओतून द्यायचं, चाळणीत दोनदा धुवायचं. हे मासे, दोन रबरं. फक्त रविवारी, मी घरी असताना. बाबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, पण रबर बोटांना लागतं. दुकानात उभी राहून प्रत्येक डबा वाचते मी. फुगलेला, चेपलेला घरात आणत नाही."

"तरी ताजं ते ताजं, ताई."

"मी सकाळी सातला जाते, संध्याकाळी सातला येते. दुपारी बाबा चमच्याच्या दांड्यानं डब्याच्या झाकणावरची कडी उचलून तो उघडतात आणि आपल्या हातानं घेऊन जेवतात. कुणाची वाट बघत बसत नाहीत. तुझ्या बरणीचं झाकण कोण उघडणार? थरथरत्या हातांनी ते?"

"मी त्यांच्या भल्यासाठीच केलं ना."

हातातली बरणी फरशीवर आपटावी असं तिला वाटलं. रागानं डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला आणखी राग आला.

बाबा आतल्या खोलीच्या दारात भिंत धरून उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. सावकाश पुढे आले, गोणीजवळ फतकल मारून बसले आणि एकेक डबा काढून खालच्या फळीवर लावू लागले. प्रत्येक डब्यावरून अंगठा फिरवायचा, मग त्याची जागा ठरवायची. बिनरबराचे डावीकडे, एकवाले मधे.

भाऊ ओशाळला. खाली वाकून त्यानं गोणीत हात घातला.

"द्या बाबा, मी लावतो."

बाबांनी गोणी आपल्याकडे ओढून घेतली.

"राहू दे. पाहुण्यांना आम्ही काम सांगत नाही."