वाटेवरचा लाल ठिपका

"पोरी, लेकीला नवऱ्याबरोबर रानात धाडू नकोस. तो रिकामं रान रंगवतो, आणि रिकामं रान माणूस मागतं," घरमालकीण नुनत्सिया म्हणाली होती. मी हसले आणि ओदीलला त्याच्याबरोबर धाडलं. शिकलेली ना मी!

काल भिंतीवर वाळायला लावलेल्या नवऱ्याच्या चित्रात, रोमकडे जाणाऱ्या वाटेवर, लाल ठिपका दिसला. आमच्या लाडक्या ओदीलच्या टोपीचाच लाल.

"बास्तियाँ, इथे माणूस का काढलंस?"

"वेडी का गं तू! रानात बसून मी फक्त रान उतरवतो. माणसं घालायची ती हिवाळ्यात, पॅरिसला गेल्यावर. माशी चिकटली असेल."

आज ठिपका पार डोंगराशी पोचला होता, आणि बारीक झाला होता. शेजारच्या खोलीतून ओदीलने "आई" अशी हाक मारली, ती दरीपलीकडून आल्यासारखी.

"थांब, तुझी माशीच उडवतो," म्हणत बास्तियाँने ठिपक्याला रंग खरवडायची सुरी लावली. आत ओदील किंचाळली. मी त्याचा हात धरला.

आता हाका येत नाहीत. चित्रात ठिपका नाही, नुसता डोंगर उरलाय. खोलीची कडी माझ्या हातात आहे, पण काढवत नाही. तुम्ही जरा आत डोकावून बघता का, माझी ओदील गादीवर आहे का?