टँगो बघितल्यापासून

प्रतिभाचा नवरा हर्षपाल बदलापुरातल्या एका ऑर्केस्ट्राचा मालक. अर्जेंटिनातल्या टँगो बँडचा जुना व्हिडिओ मोबाईलवर बघितल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या बँडचा म्हातारा प्रमुख डोळे मिटून अ‍ॅकॉर्डियनसारखं वाद्य स्वतः वाजवत होता. हर्षपाल तेवढंच पुन्हापुन्हा बघायचा, जेवता जेवता उठून गॅलरीत फेऱ्या मारायचा. हा एक दिवस सगळं सोडून निघून जाणार, अशी शंकेची पाल प्रतिभाच्या मनात चुकचुकत होती.

खरवई गावातल्या एका हळदीच्या कार्यक्रमात ती गात होती आणि तो नेहमीसारखा धावत होता. माईक शिट्टी मारत होता, जनरेटर मध्येच बंद पडत होता, नवरीचा मामा फर्माईश घेऊन मागे लागला होता. दोन गाण्यांच्या मध्ये तो तिच्याजवळ आला.

"आजपासून ऑर्केस्ट्रा तू चालव. मला नाही जमत आता."

तिनं माईकवर हात ठेवला. "आणि तुम्ही कुठं चाललात?"

"कुठं जाणार गं?" हर्षपाल ओशाळून हसला. "ऑर्केस्ट्रा मोठा करता करता अ‍ॅकॉर्डियन वाजवायचंच राहून गेलं. तुझ्या बँडमध्ये घेशील मला?"