कळकलेली आमटी

जुनी औषधं जंतूंना पचू लागली, तेव्हा धातूच्या गोळ्या आल्या. जंतू मेले, पण आंबट पदार्थ कळकलेले लागू लागले. सगळा वॉर्ड जेवणावर रुसला. तक्रारी ऐकून खिडकीतलं मांजरसुद्धा ताकाला तोंड लावेना. एकटे नरहरअण्णा चिंचेच्या आमटीची वाटी चाटूनपुसून संपवत. त्यांच्या पायाची जखम आता भरत आली होती.

“आज शेवटची गोळी,” सिस्टर केरकर म्हणाल्या. “उद्यापासून नीट चव येईल.”

अण्णांनी गोळी मुठीत दडवली. “ही पुढे कधीतरी घेतो.”

“जंतू उलटले तर पाय जाईल, अण्णा.”

“आमची यमुना पितळेच्या पातेल्यातच आमटी करायची. कल्हई उडाली तरी. मग ती अश्शीच कळकायची. जन्मभर भांडलो त्यावरून. ती गेली, पातेलं मोडीत गेलं.”

सिस्टरनी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि आपल्या डब्यातली आमटी पुढे ठेवली. “हिच्याबरोबर घ्या. माझ्यासमोर.”

अण्णांनी गोळी गिळली, डोळे मिटून सावकाश भुरका मारला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर करवादले, “अगं, कल्हईवाला दारावरून गेला तेव्हा झोपली होतीस का?”