शेजारची सीट

"उचल म्हटलं ना ती बॅग!"

व्हॅनमावशींनी तिसऱ्यांदा सांगितलं. राणीसाहेब खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांची निळी बॅग ऐसपैस बसली होती, आणि मागे तिघांच्या जागेत चौघं कोंबून बसले होते. त्यातल्या एकाने हळूच बॅगेला हात लावला. तशी ती पोर अशी किंचाळली, की मावशींचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

राणीसाहेब हे नाव मावशींनीच ठेवलेलं. वय वर्षं आठ. मुलगी स्वमग्न आहे, बोलत नाही, हे आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बरंय की! माझं डोकं खायला बाकीचे दहा आहेतच," असं म्हणून मावशींनी तिला आपल्या मागचीच सीट दिली होती. दोन वर्षं काही कुरबूर नव्हती. पण गेले पाच आठवडे नुसता डोक्याला ताप. बॅग हलवू द्यायची नाही. पुलाच्या अलीकडे व्हॅन डावीकडे वळली, की काचेवर थपाथप हात मारायचे आणि शाळेच्या फाटकापर्यंत रडायचं. समोर रिकामी जागा दिसत असताना आपल्या मुलांनी का कोंबून बसायचं, असे बाकीच्या आयांचे फोन सुरू झाले. त्यांचंही काही चूक नव्हतं.

शेवटी मावशींनी मन घट्ट केलं. एका गृहस्थांना मुलासाठी जागा हवीच होती. त्यांना काल "उद्या नक्की सांगते" असा शब्द दिला. आणि आज सकाळी राणीसाहेबांच्या आईला दारातच सांगून टाकलं, "ताई, उद्यापासून दुसरी सोय बघा."

आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बघते. पण मावशी, सहालाच बॅग पाठीला लावून दारात उभी राहते हो ती. तुमची व्हॅन सोडली, तर कुठेच जायला इतकी तयार नसते." एवढं बोलून तिने मुलीच्या बॅगेचा पट्टा नीट लावला आणि आत निघून गेली. तेव्हापासून मावशींचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण काय करणार? एकीसाठी दहा जणांना किती दिवस नाराज करायचं?

पुलाअलीकडचं वळण आलं. आज मात्र डावीकडे न वळता सरळ पुलावरून जायचं होतं. पुलापलीकडे राहणारी, सगळ्यात शेवटी चढणारी मुलगी पाच आठवडे पाय मोडून घरी बसली होती, म्हणून मावशींनी पुलापलीकडचा वळसा बंद केला होता. तेवढीच दहा मिनिटं वाचत होती. आता प्लास्टर निघालं, ती आजपासून येणार, असा तिच्या आजोबांचा काल फोन आला होता.

मावशींनी सवयीने खांदे आवळून घेतले. काचेवर हात पडला नाही. आरशात बघितलं, तर राणीसाहेब ताठ बसलेल्या, आणि दोन्ही हातांची बोटं हवेत भराभर नाचत होती.

पलीकडची मुलगी लंगडत चढली. तिचं नाव रेडिओ. तेही मावशींनीच ठेवलेलं, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं. "मावशी, करवत होती करवत! खरी! घर्रर्र करून प्लास्टर कापलं, मी अजिबात रडले नाही, थोडीशीच रडले..."

"ए, तिथे नको जाऊ," मागून एकजण ओरडला. "ती कुणालाच बसू देत नाही."

"म्हणजे काय? मलासुद्धा?" रेडिओने विचारलं.

राणीसाहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅग उचलून मांडीवर घेतली. सीटवरून एकदा तळहात फिरवला. रेडिओ धपकन बसली आणि करवतीची गोष्ट पुढे सुरू झाली. राणीसाहेब खिडकीबाहेरच बघत होत्या. फक्त त्यांचा खांदा हळूच रेडिओच्या खांद्याला येऊन टेकला.

"अगं, तिने बॅग कशी काय उचलली?" मावशींनी मागे वळून विचारलं.

"रोज उचलते की," रेडिओ म्हणाली. "मी येईपर्यंत ठेवते, मी आले की उचलते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. दोन वर्षं आरशात बघून मावशींना वाटायचं, ही बडबडी पोर भिंतीशी बोलतेय. आणि पाच आठवडे ती भिंत रोज काच बडवून सांगत होती, की अजून एकजण यायचीय, पुलावरून चला. मावशींना आपलीच लाज वाटली. चांगली जळजळीत लाज वाटली.

व्हॅन अजून उभीच होती, तेवढ्यात फोन वाजला. तेच गृहस्थ. "मग? उद्यापासून पाठवू ना मुलाला? एक जागा होतेय म्हणाला होतात."

मावशींनी आरशात बघितलं.

"नाही हो जमणार," त्या म्हणाल्या. "ती जागा मी धरून ठेवलीय."